दोघांनाही दोनपैकी एक

सहावीच्या वर्गात फळ्यावर दोनच प्रश्न लिहा. पहिला: ०.६ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती? दुसरा: ०.३ आणि ०.४८ यांत मोठी कोणती? एक मुलगी उत्तरं देते ०.४५ आणि ०.४८. तिच्या शेजारचा मुलगा देतो ०.६ आणि ०.३. दोघांनाही दोनपैकी एक गुण. 'दशांश अपूर्णांक कच्चे' हा एकच शेरा दोघांच्या नावापुढे पडतो आणि दोघांना एकाच जादा तासाला बसवलं जातं.

त्यांची अडचण मात्र एकमेकांच्या बरोबर उलटी आहे. मुलगी दशांश चिन्हानंतरचे अंक साध्या संख्येसारखे वाचते. पंचेचाळीस सहापेक्षा जास्त, म्हणून ०.४५ मोठी. अठ्ठेचाळीस तीनपेक्षा जास्त, म्हणून ०.४८ मोठी. तिचं दुसरं उत्तर बरोबर आलं तेही चुकीच्याच नियमाने. मुलाला शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो हे पक्कं माहीत आहे. त्यावरून त्याने स्वतःचा नियम बनवला: शतांशापर्यंत गेलेली संख्या लहान. तुकडे बारीक आहेत हे त्याने पाहिलं, किती आहेत ते मोजलं नाही.

यावर बहुतेक वर्गांत एकच औषध दिलं जातं: 'शेवटी शून्य लावून अंकांची संख्या सारखी करा आणि मग तुलना करा.' ०.६० आणि ०.४५. दोघांचीही उत्तरं लगेच बरोबर यायला लागतात आणि तिथेच फसगत होते. मुलीचा नियम मोडलेला नाही, फक्त आता साठ आणि पंचेचाळीसची तुलना असल्यामुळे तो नियम चालून जातो. घोटाळा झाकला गेला. पुढे संख्यारेषेवर ०.६ दाखवायला सांगितलं, किंवा ०.४ आणि ०.५ यांच्यामध्ये एखादी संख्या असते का असं विचारलं, की तो पुन्हा वर येतो. 'चार आणि पाचच्या मध्ये काहीच नाही' हे उत्तर आठवीतही ऐकू येतं.

खरं औषध दहा बाय दहाच्या चौकटीत आहे. चौकोनी रेघांच्या वहीतून १०० घरांचा चौरस कापा. मुलीला ०.६ म्हणून सहा उभ्या पट्ट्या रंगवायला सांगा आणि त्याच चौरसावर दुसऱ्या रंगाने ४५ घरं. पंचेचाळीस घरं पाचवी पट्टी अर्ध्यावरच सोडतात, हे तिला डोळ्यांनी दिसायला हवं. मुलाला उलट बाजूने न्या: ४८ बारीक घरं रंगवताना चार पट्ट्या भरून वर आठ घरं उरतात, आणि ०.३ मध्ये पट्ट्या तीनच आहेत. चौरस तोच, पण दोघांना विचारायचा प्रश्न वेगळा.

हे दोन्ही प्रश्न बरोबर सोडवणाऱ्यांतही एक तिसरा गट लपलेला असतो. त्यांना विचारा: ४.४५ आणि ४.४५०२ यांत मोठी कोणती? 'दोन्ही सारख्याच' असं उत्तर आलं तर ते मूल दशांश म्हणजे रुपये-पैसे असं धरून चाललं आहे. दोन घरांच्या पुढे त्याच्या लेखी काही नसतंच.

हे घोटाळे वर्गाबाहेरूनही येतात. 'साडेचार' हा शब्द घ्या. घड्याळात तो ४.३० असा लिहितात. क्रिकेटच्या धावफलकावर साडेचार षटकं म्हणजे ४.३, कारण षटकात सहा चेंडू. गणिताच्या वहीत मात्र साडेचार म्हणजे ४.५. तिन्हीकडे टिंब तेच. धावफलकावर ४.५ नंतरच्या चेंडूला ५ होतात हे रोज पाहणाऱ्या मुलाला ४.६ आणि ४.७ म्हणजे काय, हा प्रश्न पडणं शहाणपणाचंच लक्षण आहे. हा फरक धड्याच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन रकान्यांत मांडावा. तसंच ०.४५ चं वाचन 'शून्य पूर्णांक पंचेचाळीस शतांश' किंवा 'शून्य दशांश चिन्ह चार पाच' असं करावं. 'शतांश' गाळून नुसतं 'शून्य पूर्णांक पंचेचाळीस' म्हणणारे आपण शिक्षकच त्या मुलीच्या नियमाला खतपाणी घालतो.

चूक बोलेल असा प्रश्न

गणिताच्या मूल्यमापनात माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: प्रश्न असा निवडावा की प्रत्येक चुकीच्या समजुतीतून वेगळं उत्तर निघेल. मग उत्तर पाहताच मूल कुठल्या वाटेने गेलं ते कळतं. हे साधायला अंक निवडताना थोडी मेहनत लागते.

तिसरी-चौथीतली वजाबाकी घ्या. ५२ − ३७, बरोबर उत्तर १५, आणि हमखास दिसणारं चुकीचं उत्तर २५. हे २५ दोन वाटांनी येतं. काही मुलं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतात: सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. काही मुलं दशक उसना घेतात, बारातून सात गेले पाच असं बरोबर करतात, पण वरच्या पाचाचे चार करायला विसरतात. पहिल्या मुलांना उसनं घेणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही, त्यांच्या हाती दशकाच्या गठ्ठ्या आणि सुट्या काड्या द्यायला हव्यात. दुसऱ्यांना ते कळलंय, फक्त नोंद राहते. त्यांना 'खोडून वर नवा अंक लिही' एवढी सवय पुरते. वहीत दोघांच्याही नावे २५ आणि लाल फुली.

आता ६२ − ३८ द्या. मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचं उत्तर ३६. नोंद विसरणाऱ्याचं ३४. बरोबर उत्तर २४. तिन्ही वेगळी. पहिल्या उदाहरणात घोळ का झाला? एकक स्थानच्या अंकांत ५ चा फरक होता. एक चूक तो फरक देते, दुसरी चूक १० वजा तो फरक देते. फरक ५ असला की दोन्ही सारखे. म्हणून ४३ − २८ किंवा ७१ − ३६ ही उदाहरणं सरावाला चालतील, निदानाला नाहीत.

मध्ये शून्य असलेलं उदाहरण यापेक्षाही बोलकं असतं. ४०२ − १७८, बरोबर उत्तर २२४. ३७६ आलं तर मोठ्यातून लहान. ३२४ आलं तर मुलाने शून्याचे नऊ केले पण शतकाच्या चाराचे तीन केले नाहीत. २३४ आलं तर शतकातून एक उसना घेऊन त्याचे दशकात दहा केले, एककाच्या दोनाचे बाराही केले, पण त्या बारासाठी दशकातला एक कमी केला नाही. अशा पद्धतशीर चुकांचा अभ्यास जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मांडला. संगणकाच्या प्रोग्राममध्ये 'बग' असतो तशी ही मुलं एक बिघडलेली रीत अगदी निष्ठेने पाळतात, असं त्यांचं म्हणणं. ज्याला आपण वेंधळेपणा म्हणतो त्यातला बराचसा भाग प्रत्यक्षात असा नियमबद्ध असतो.

मराठी माध्यमाच्या वर्गात आणखी एक सापळा आहे: संख्यांची नावं. 'त्रेसष्ट' मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, लिहायचे मात्र सहा आधी. 'एकोणसाठ' मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे पन्नासातले. म्हणून दुसरी-तिसरीत संख्यांचं श्रुतलेखन घ्यायचं तर त्रेसष्ट, छत्तीस, सत्तेचाळीस, चौऱ्याहत्तर, एकोणसाठ, एकोणऐंशी एवढ्या सहा संख्या पुरतात. त्रेसष्टचे ३६ लिहिणारं मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं. एकोणसाठचे ६९ लिहिणाऱ्याला एकोणातले नऊ कळले पण घर चुकलं, आणि ६१ लिहिणाऱ्याने फक्त 'एक' आणि 'साठ' एवढंच ऐकलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा वाद विधिमंडळापर्यंत गेला आणि भरपूर विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचा मुद्दा नेमका हाच होता: जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमाची नावं लहान मुलांना गणितापासून दूर ढकलतात. पद्धत पटो न पटो, तिने दाखवलेली अडचण खरी आहे. मूल्यमापनापुरता त्याचा अर्थ असा की तोंडी हिशेबात 'सत्तेचाळीस अधिक छत्तीस' चुकलं तर तेच उदाहरण अंकांत लिहून पुन्हा द्यावं. तिथे बरोबर आलं तर कच्ची बेरीज नाही, नावं आहेत.

बरोबर चिन्हाचा प्रश्न सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत धक्कादायक: ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ आले तर त्या मुलासाठी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही'. १७ आले तर दिसेल ते सगळं मिळवलं. ७ यायला हवेत. पाचवीत हे तपासलं नाही तर सातवीतलं समीकरण वाळूवर उभं राहतं. '१२ × ५ = ६० + ८ = ६८' ही साखळी फळ्यावर आपणच लिहितो, त्याचीही ही फळं.

पाटी

प्रश्न कितीही चांगला असला तरी तो वर्गातल्या सहाच मुलांपर्यंत पोचला तर उपयोग नाही. हात वर करणारी मुलं बहुधा तीच ती असतात. उरलेली चाळीस जणं तेवढा वेळ चेहरा शहाणा ठेवून काढतात. 'समजलं का?' या प्रश्नाला येणारं 'हो बाई' हे सुरातलं उत्तर तर काहीच सांगत नाही. 'विद्यार्थ्यांचा सहभाग' म्हटलं की डोळ्यांसमोर खेळ, गाणी आणि रंगीत कागद येतात. माझ्या मते सहभाग म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतःचं उत्तर ठरवून ते उघड करावं लागणं, मग वर्ग शांत का असेना.

त्याला पाटीसारखं दुसरं साधन नाही. पाट्या नसतील तर प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत कोरा कागद घालून त्यावर फळ्याच्या मार्करने लिहायचं, पुसायला जुन्या कापडाचा तुकडा. तेही नसेल तर चार पर्याय द्या आणि छातीजवळ बोटं धरायला सांगा. बोटं वर हवेत नेली की शेजारी बघतात.

क्रम असा. प्रश्न फळ्यावर लिहून एकदा वाचा आणि गप्प बसा. चाळीस ते साठ सेकंद कोणीही बोलायचं नाही, शिक्षकानेही नाही. हेच सगळ्यांत अवघड जातं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकाच सेकंदाच्या आसपास थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तरी उत्तरं लांबली आणि बोलणारी मुलं वाढली. लेखी उदाहरणाला तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

लिहून झालेली पाटी पालथी घालून मांडीवर ठेवायची. हा नियम पहिल्या आठवड्यात कडक पाळावा, नाहीतर हुशार मुलाची पाटी अर्धा वर्ग वाचतो. 'एक, दोन, तीन' म्हणताच सगळ्या पाट्या एकदम वर. तुम्ही डावीकडून उजवीकडे नजर फिरवा आणि कुठलं उत्तर साधारण किती जणांचं आहे ते पाहा. ४५ पाट्या वाचायला अर्धं मिनिट लागतं. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका आणि 'शाब्बास' म्हणू नका. त्या एका शब्दाने पुढचं सगळं संपतं.

मग निर्णय. बरोबर उत्तरं एक तृतीयांशाहून कमी असतील तर चर्चेत वेळ घालवू नका, शिकवण्याची वाट चुकली आहे, दुसऱ्या वाटेने पुन्हा शिकवा. पाचांपैकी चारांहून जास्त मुलांचं बरोबर असेल तर पुढे जा आणि उरलेल्यांना नंतर बाजूला घ्या. मधली स्थिती खरी कामाची. तेव्हा ज्यांची उत्तरं वेगळी आहेत अशांना जोडीने बसवा, दोन मिनिटं एकमेकांना पटवायला सांगा आणि पाट्या पुन्हा वर करायला लावा. एरिक माझूर यांनी हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवताना १९९० च्या दशकात हीच रीत रूढ केली. सहावीच्या वर्गातही ती तितकीच चालते, फक्त जोड्या लावताना मैत्रिणीला मैत्रीण मिळाली की विषय बदलतो.

शेवटी स्पष्टीकरण घ्यायचं ते सगळ्यांत जास्त आलेल्या चुकीच्या उत्तरापासून. 'हे कोणी लिहिलं?' असं विचारू नका. 'एखाद्याने ३६ लिहिलं असेल तर त्याने काय विचार केला असेल?' असं विचारा. मग बरोबर उत्तर लिहिलेली मुलंही कामाला लागतात, कारण त्यांनाही चूक शोधावी लागते. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. एका तासिकेत असा एकच प्रश्न घ्या. तीन-तीन घेणाऱ्यांचा पाठ्यक्रम मार्चमध्ये रडतो आणि मग दोष पाटीला मिळतो.

गटकामाचंही याच निकषावर तपासून पाहावं. सहा जणांच्या गटात एक लिहितो, एक बघतो आणि चार गप्पा मारतात. गट तिघांचा करा आणि एकच पेन द्या. ज्याच्या हाती पेन त्याने स्वतःच्या मनाने काही लिहायचं नाही, दुसऱ्याने सांगितलेलंच लिहायचं. दर पाच मिनिटांनी पेन पुढे.

काम असं हवं की सगळ्यांत कच्च्या मुलाला सुरुवात करता यावी आणि सगळ्यांत पक्क्याला लवकर संपवता येऊ नये. पाचवी-सहावीसाठी: प्रत्येक गटाला २४ वापरलेल्या काडेपेटीच्या काड्या द्या. सगळ्या काड्या वापरून, एकही न मोडता, किती वेगवेगळे आयत बनतात? पंधरा गटांना ३६० काड्या लागतात, त्या आदल्या महिन्यापासून जमवायला सांगा. उत्तर सहा: १ व ११, २ व १०, ३ व ९, ४ व ८, ५ व ७, आणि ६ व ६. गटांमधून फिरताना काय दिसतं ते महत्त्वाचं. पाचच सापडलेल्या गटाने चौरसाला आयत मानलेलं नाही. अकरा सांगणारा गट ३ व ९ आणि ९ व ३ वेगळे धरतो, त्याला आयत फिरवून दाखवायला सांगा. एखादा गट '६ गुणिले ४ चोवीस' म्हणून सहा आणि चारच्या बाजू मांडतो आणि चार काड्या उरल्या की गोंधळतो. त्याच्या डोक्यात परिमिती आणि क्षेत्रफळ एकत्र झाली आहेत. लवकर संपवणाऱ्यांना क्षेत्रफळं लिहायला सांगा: ११, २०, २७, ३२, ३५, ३६. यातला फरक ९, ७, ५, ३, १ आहे हे कोणाला तरी दिसतंच, आणि मग 'असं का?' हा प्रश्न त्या गटाला तास संपेपर्यंत पुरतो.

चिठ्ठी, वही आणि लाल पेन

पाटीवरचं पुसलं जातं. म्हणून आठवड्यातून दोनदा तासाच्या शेवटच्या चार मिनिटांत चिठ्ठी घ्यावी: ए-फोर कागदाचा पाव तुकडा, त्यावर हजेरी क्रमांक आणि एका उदाहरणाचं उत्तर, रीतीसह. गुण द्यायचे नाहीत. तीन ढीग करायचे: जमलं, अर्धं जमलं, वाट चुकली. ४५ चिठ्ठ्या दहा मिनिटांत लागतात. तिसऱ्या ढिगातली एक चिठ्ठी नाव न घेता, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून आपल्या हाताने फळ्यावर उतरवायची आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथून सुरू करायचा. चिठ्ठी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिचा उल्लेखच झाला नाही, असं दोनदा झालं की मुलं तिसऱ्यांदा काहीही लिहून देतात.

वह्यांचा हिशेब साधा आहे. ४५ वह्या, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे दीड तास. तो रोज कोणाकडेच नसतो, म्हणून 'पाहिले' आणि सही. त्यापेक्षा दिवसाला नऊ वह्या घ्या, प्रत्येकीतलं एकच उदाहरण ओळ न् ओळ वाचा आणि एक सूचना लिहा. पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. सूचना कामाची हवी. 'चांगला प्रयत्न', 'अक्षर सुधार', 'अभ्यास वाढव' यांवर मूल काहीच करू शकत नाही. 'तिसऱ्या ओळीत कंस सुटल्यावर दुसऱ्या पदाचं चिन्ह बघ' यावर करू शकतं. त्याखाली मुलाने दुरुस्ती करून दाखवायची दोन ओळींची जागा सोडा.

आणि त्या सूचनेशेजारी गुण लिहू नका. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत स्पष्ट आहे. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना त्या अभिप्रायाचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याच्या आकड्याकडे बघतं, खालचं वाक्य वाचतच नाही.

नोंदवही

महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक (शिकवता शिकवता वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरीच्या परीक्षेतलं) असे दोन भाग. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. आकारिकसाठी आठ साधनं दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. कागदावर ही रचना चांगली आहे. वर सांगितलेली पाटी, चिठ्ठी, काड्यांचं काम, सगळं तिच्यात अलगद बसतं.

बिघडतं ते नोंदीत. 'गणितात रस घेतो', 'उदाहरणे अचूक सोडवतो', 'मूलभूत क्रिया करतो' ही वाक्यं वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्यांमधून उतरवली जातात आणि मुलाचं नाव झाकलं तर नोंद कोणाची ते ओळखता येत नाही. एका मुलाची सत्रात तीनच नोंदी ठेवा, पण अशा: '०.६ पेक्षा ०.४५ मोठी म्हणते. शंभर घरांच्या चौकटीत रंगवल्यावर स्वतः दुरुस्त केलं.' पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला यातून काहीतरी हाती लागतं. प्रकल्पांविषयी काय बोलायचं? थर्माकोलचे घन आणि चकाकत्या कागदाचे शंकू बहुतेक वेळा पालकांचं मूल्यमापन असतं. त्याऐवजी घरातल्या तीन डब्यांची मापं घेऊन त्यांत किती तांदूळ मावेल याचा आधी अंदाज आणि मग मोजमाप, एवढं एका पानावर आणायला सांगा. अंदाज खोडलेला दिसला तर गुण कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी अंदाज मोजमापानंतर लिहिला जातो.

पेपर

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, त्यामुळे लेखी पेपर नीट काढणं आणि तपासणं टाळता येत नाही. गुणदान करताना रीतीचे गुण आधी ठरलेले हवेत, दहा पेपर तपासून झाल्यावर नव्हे.

आठवीसाठी चार गुणांचं एक उदाहरण. आज आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. ५ वर्षांनी ते तिप्पट होईल. दोघींची आजची वयं काढा. मुलीचं वय क्ष मानलं तर ४क्ष + ५ = ३(क्ष + ५), म्हणून क्ष = १०. मुलगी १०, आई ४०. गुण असे: ५ वर्षांनंतरची दोन्ही वयं मांडली १, समीकरण १, सोडवणूक १, दोन्ही वयं लिहून पडताळा १. एखाद्याने मांडणीत चूक केली पण ते चुकलेलं समीकरण बरोबर सोडवलं तर सोडवणुकीचा गुण द्यायचा. एका चुकीची शिक्षा दोनदा नको. समीकरणानेच सोडवा असं प्रश्नात म्हटलं नसेल आणि मुलाने वयांचा तक्ता करून १० आणि ४० शोधले, ५ वर्षांनी १५ आणि ४५ दाखवले, तर पूर्ण चार गुण. ज्यांना हे पटत नाही त्यांनी प्रश्नात 'समीकरण मांडून' हे शब्द घालावेत.

या उदाहरणातल्या चुकाही वाचण्यासारख्या आहेत. ४क्ष + ५ = ३क्ष लिहिणाऱ्याने फक्त आईचं वय वाढवलं, मुलगी तिथेच राहिली. उत्तर −५ येतं. ४क्ष + ५ = ३क्ष + ५ लिहिणाऱ्याने कंसातल्या एकाच पदाला तिनाने गुणलं. उत्तर शून्य येतं.

पेपर परत देताना पहिल्या दिवशी गुण दाखवू नका. चुकलेल्या उदाहरणाशेजारी फक्त एक टिंब द्या आणि वीस मिनिटं चूक शोधायला द्या, जोडीने चालेल. गुण दुसऱ्या दिवशी. पालक विचारतील, तेव्हा उद्या कळतील असं सांगायचं. ज्यांचं उत्तर शून्य आलं आहे त्यांना चूक दाखवायची गरजच पडत नाही. 'मुलगी आज जन्मली' असं ते ठामपणे सांगतात. मग आईचं आजचं वय काढायला सांगायचं.